दोन दगडांवर पाय: पायथन ३ अंगवळणी पडायला लागलेली बारा वर्षं

‘मराठी’ या शब्दाची लांबी किती? पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या जुन्या आवृत्तीला, पायथन २ ला, विचारलं तर उत्तर यायचं १५. पायथन ३ सांगतं ५. दुसरीतल्या पोराला विचारलं तर तो म्हणेल ३, आणि खरं म्हणजे बरोबर तोच. पण ते राहू दे. यूटीएफ-८ या, संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे साठवणीचे तीन कप्पे, लागतात. म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी, अशी पाच चिन्हं, म्हणून पंधरा. जुनं पायथन बाइट मोजायचं, नवं चिन्हं मोजतं. एवढ्याशा फरकापायी अख्खं सॉफ्टवेअर जग बारा वर्षं खोळंबून राहिलं, त्याची ही गोष्ट.

आधी माझ्याकडचा पुरावा देतो. २०१२ च्या सुमारास पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी गृहनिर्माण सोसायट्यांच्या मेंटेनन्सच्या पावत्या छापणारा प्रोग्रॅम सांभाळायचो. सभासदाच्या नावासाठी २० अक्षरांचा रकाना होता. ‘ज्ञानेश्वर’ तिथे ‘ज्ञाने’ होऊन छापलं जायचं आणि पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. त्या नावात दहा चिन्हं, म्हणजे तीस बाइट. विसाव्या बाइटवर कात्री चालली की ‘श’चे दोन बाइट अलीकडे, एक पलीकडे. मी सरांना म्हटलं, पायथन ३ वर जाऊ या, हा प्रकारच मिटेल. सर म्हणाले, “२० च्या जागी ६० कर आणि पुढचं काम घे.” मी ६० केलं. मग इंग्रजीत लिहिलेली लांबलचक नावं रकान्याबाहेर सांडायला लागली, आणि त्यासाठी आणखी एक ‘जर’ लिहिला.

सर चुकले असं मला आजही वाटत नाही. पावतीची पीडीएफ बनवणारी जी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, आम्ही वापरत होतो, ती तेव्हा पायथन ३ वर चालतच नव्हती. मी कितीही उड्या मारल्या असत्या तरी खालची पायरी जागेवर नव्हती.

काय मोडलं, आणि कुणासाठी

पायथन ३.० बाहेर आलं ३ डिसेंबर २००८ ला. जुना कोड त्यावर जसाच्या तसा चालणार नाही, हे भाषेचे जनक गुइडो व्हान रॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीपासून उघड सांगितलं होतं. जुन्या चुका एकदाच काय त्या निस्तरायच्या, असा विचार. पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या ‘प्रिंट’ला कंस लागू झाले, त्यावर लोकांनी सर्वांत जास्त आरडाओरडा केला आणि तोच बदल सर्वांत क्षुल्लक होता. ३ ला २ ने भागल्यावर १ ऐवजी १.५ यायला लागलं. आणि मजकूर वेगळा, बाइट वेगळे, दोघांची सरमिसळ चालणार नाही, असं ठरलं.

खरी मेख या तिसऱ्या बदलात होती. मजकुराच्या तुकड्याला पायथन ‘स्ट्रिंग’ म्हणतं. पायथन २ मध्ये तिचे दोन प्रकार होते: साधी स्ट्रिंग, जी मुळात बाइटच, आणि सगळ्या लिप्यांची चिन्हं ओळखणारी युनिकोड स्ट्रिंग, जिच्यापुढे ‘यू’ हे अक्षर लावायचं. दोन्ही एकमेकांना जोडल्या तर पायथन २ गुपचूप जोडून टाकायचं. आत फक्त इंग्रजी अक्षरं असतील तोवर काहीच बिघडायचं नाही. कुलकर्णी हे नाव देवनागरीत आलं की मात्र लाल अक्षरांत तक्रार: फक्त इंग्रजी अक्षरं जाणणाऱ्या जुन्या ‘ॲस्की’ पद्धतीला ‘झिरो एक्स ई झिरो’ हा बाइट वाचता येत नाही, १२८ च्या आतलाच हवा. तो बाइट म्हणजे २२४. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये याच बाइटने सुरू होतं. भारतीय भाषांचं काम करणाऱ्या माझ्या पिढीच्या प्रोग्रॅमरला आपला पिनकोड एक वेळ आठवणार नाही, पण झिरो एक्स ई झिरो पाठ असेल.

आता हेच अमेरिकेतल्या लायब्ररी-लेखकाच्या जागी बसून पाहा. त्याच्या टेस्टमधली सगळी नावं इंग्रजी. त्याचा कोड पायथन २ वर झकास चालतोय. पायथन ३ वर न्यायचं तर हजारो ओळी तपासायच्या, प्रत्येक ठिकाणी ‘हा मजकूर की हे बाइट’ हे ठरवायचं, आणि इतकं करून त्याच्या हाती काय? आज आहे तेच. फायदा होणार पुण्यातल्या पावतीवरच्या ज्ञानेश्वरला, आणि त्याची त्या लेखकाशी ओळखही नाही. काम एकाने करायचं, फळ दुसऱ्याने खायचं, तेही फुकटात; कारण ही बहुतेक मंडळी रात्री जागून, बिनपगारी लायब्ऱ्या सांभाळणारी. या प्रकरणातली बाकी सगळी गुंतागुंत मला या एका गाठीतून निघालेली दिसते.

त्यात साखळी. वेबसाइट अडते ती ज्या तयार सांगाड्यावर उभी असते त्या फ्रेमवर्कपाशी, फ्रेमवर्क डेटाबेसच्या ड्रायव्हरपाशी, ड्रायव्हर आणखी कशापाशी. प्रत्येक जण म्हणणार, खालचा हलला की मी हलतो. खालचा म्हणणार, वरून कुणी मागतच नाही, मग कशाला? पंगतीत वाढपी यजमानाकडे बघतोय, यजमान भटजींकडे आणि भटजी वाढप्याकडे, तसं.

पहिला सल्ला फसला

सुरुवातीला लायब्ररीवाल्यांना अधिकृत मार्ग सांगितला गेला तो असा: मूळ कोड पायथन २ मध्येच ठेवा, ‘टू-टू-थ्री’ नावाचं साधन त्यावर चालवा, ते पायथन ३ चा कोड तयार करून देईल. तयार झालेल्या कोडला हात लावायचा नाही. बदल करायचा तो मूळ कोडात, आणि पुन्हा साधन चालवायचं.

कागदावर हे सुरेख दिसतं. प्रत्यक्षात, पायथन ३ वर चूक आली की ती तयार झालेल्या फाइलच्या ४१२ व्या ओळीत दिसणार आणि तुम्ही मूळ फाइलमध्ये ती ओळ शोधत बसणार. दुरुस्ती केली की परत रूपांतर, परत टेस्ट, परत चूक. शिवाय यंत्राला ‘प्रिंट’ला कंस लावता येतात, पण एखादी स्ट्रिंग मजकूर आहे की बाइट, हे लेखकाच्या मनात असतं, ते यंत्राला कुठून कळणार? ज्या जागी माणसाला मदत हवी होती, नेमकी तिथेच हे साधन गप्प बसायचं.

दुसरी गडबड कौतुकाच्या पोटी झाली. जुलै २०१० मध्ये आलेल्या पायथन २.७ मध्ये नव्या भाषेतल्या बऱ्याच चांगल्या गोष्टी आणून बसवल्या: सेट आणि डिक्शनरी लिहिण्याची सुटसुटीत पद्धत, क्रम राखणारी डिक्शनरी, आणखी काही. हेतू हा की पुढे जाणं सोपं पडावं. लोकांनी अर्थ घेतला की इथेच एवढं मिळतंय तर जायचं कशाला. पुढे २०११ मध्ये बॅरी वॉरसॉ यांनी पायथन २.८ कधीच येणार नाही असं जाहीर करणारा प्रस्ताव लिहिला, आणि त्याला क्रमांक दिला ४०४, म्हणजे वेबवर पान नसलं की दिसणारा ‘सापडलं नाही’चा. विनोद चांगला होता, निर्णयही योग्यच होता; पण दार बंद केल्याने कुणी घराबाहेर पडत नाही.

दरम्यान कुणीतरी सर्वाधिक डाउनलोड होणाऱ्या २०० लायब्ऱ्यांची यादी लावली. पायथन ३ वर चालते ती हिरवी, न चालणारी लाल. नाव काय, तर ‘लाजेची भिंत’. पुढे हिरव्यांची संख्या वाढल्यावर तिचं नाव बदलून ‘महाशक्तींची भिंत’ झालं. या भिंतीचा उपयोग नक्की झाला, पण लाज वाटून नाही. मॅनेजरला दाखवता येईल असं एक पान झालं: बघा, आपण वापरतो त्या चौदा लायब्ऱ्यांपैकी अकरा हिरव्या आहेत. नामुष्कीसाठी रंगवलेली भिंत बाजारभावाच्या फळ्यासारखी वापरली गेली.

‘यू’ परत आला

ज्यांनी कोंडी खऱ्या अर्थाने फोडली, ते अधिकृत सल्ल्याच्या बाहेरचे उद्योग होते. लायब्ररीवाल्यांनी रूपांतर-बिपांतर सोडून दिलं आणि एकच कोड असा लिहायला घेतला की तो पायथन २ वरही चालेल आणि ३ वरही. आपल्याकडे दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्याला कुणी शहाणा म्हणत नाही. इथे तोच शहाणा निघाला.

बेंजामिन पीटरसन यांनी २०१० मध्ये ‘सिक्स’ नावाची एक छोटी लायब्ररी काढली. दोन गुणिले तीन, सहा, म्हणून सिक्स. जे जे दोन आवृत्त्यांत वेगळं आहे त्याला एक समान नाव द्यायचं आणि आत काय चाललंय ते झाकून ठेवायचं, एवढंच तिचं काम. एकाच फाइलची लायब्ररी. पण पुढची कित्येक वर्षं जवळपास प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या पोटात ती सापडायची. जँगो या वेब फ्रेमवर्कने तर तिची प्रत स्वतःच्या आतच ठेवली. हेच पीटरसन पायथन २.७ च्या रिलीजची जबाबदारीही सांभाळत होते. जुन्याचा रखवालदार आणि नव्याकडे जाणाऱ्या पुलाचा गवंडी एकच माणूस.

तरी एक खडा टोचत होता. पायथन ३ मध्ये सगळा मजकूर युनिकोडच, त्यामुळे स्ट्रिंगपुढच्या ‘यू’ची गरज उरली नाही, म्हणून तो काढून टाकला होता. ३.० ते ३.२ मध्ये ‘यू’ लिहिला की फाइल वाचलीच जायची नाही. युनिकोडची काळजी ज्यांनी पायथन २ मध्येच घेतली होती, नीट ‘यू’ लावून कोड लिहिला होता, त्या सज्जनांनाच सर्वांत जास्त त्रास! ज्यांनी बेफिकिरीने साध्या स्ट्रिंग वापरल्या, त्यांचा कोड निदान वाचला तरी जायचा.

वेबसाइट बनवायच्या फ्लास्क आणि जिंजा या लायब्ऱ्या लिहिणारे आर्मिन रोनाखर हे पायथन ३ च्या या धोरणाचे कडवे टीकाकार. त्यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये प्रस्ताव मांडला, ४१४ क्रमांकाचा: ‘यू’ परत घ्या. त्याचा अर्थ काहीच नसू दे, तो फक्त चालवून घ्या. शुद्धतावाद्यांना ते रुचणारं नव्हतं. स्वच्छ केलेल्या भाषेत निरर्थक अक्षर परत आणायचं म्हणजे काय? पण प्रस्ताव मान्य झाला, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये पायथन ३.३ आलं ते ‘यू’ घेऊन.

या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय कुठला, असं मला विचाराल तर हाच. नवीन काही दिलं नाही, कुणाला धमकावलं नाही, फक्त घरातल्या उंबरठ्याची उंची दोन इंच कमी केली. फेब्रुवारी २०१३ मध्ये जँगो १.५ पायथन ३ वर प्रायोगिक म्हणून चालायला लागलं, जूनमध्ये फ्लास्क ०.१० आलं, वर्षअखेर जँगो १.६ मध्ये ‘प्रायोगिक’ हा शब्दही गेला. आकडेमोडीची लायब्ररी नमपाय तर २०१० पासूनच तयार होतं. पुढे पायथन ३.५ मध्ये बाइटवर टक्क्याचं चिन्ह वापरून मजकूर भरायची जुनी सोयही परत आणली गेली. नेटवर्कचं काम करणारे प्रकल्प तिच्यावाचून अडले होते. ती सोय काढली तेव्हाच त्यांना विचारलं असतं तर? असो.

मुदत आणि एक ओळ

पायथन २.७ ची सेवा आधी २०१५ पर्यंत चालणार होती. एप्रिल २०१४ मध्ये ती मुदत २०२० पर्यंत वाढवल्याचं जाहीर झालं. काहींनी कपाळाला हात लावला: पाच वर्षं आणखी दिली म्हणजे लोक पाच वर्षं आणखी झोपणार. माझ्या ऑफिसात तरी झालं तसंच. ‘२०२० ना? बघू २०१९ मध्ये,’ असं सर म्हणाले.

पण त्या जादा पाच वर्षांत एक गोष्ट घडली, जी बाहेरच्या लोकांच्या गावीही नाही. लायब्ररी-लेखकांची अडचण आता उलटी झाली होती. दोन्ही दगडांवर पाय ठेवून त्यांच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. आता त्यांना पायथन २ सोडायचं होतं, आणि सोडता येत नव्हतं. कारण सोडून नवी आवृत्ती काढली की पायथन २ वरचा कुणीतरी बापडा लायब्ऱ्या उतरवून बसवणाऱ्या ‘पिप’ या साधनाला सांगणार, ही लायब्ररी बसव. पिप इमानेइतबारे सर्वांत नवी आवृत्ती आणणार, ती त्याच्याकडे चालणार नाही, आणि तो येऊन लेखकाच्या नावाने बोटं मोडणार. एका रात्रीत शेकडो जणांची इन्स्टॉलेशन्स बंद पडायची भीती, म्हणून लेखक हलेना.

तोडगा निघाला तो नोव्हेंबर २०१६ च्या पिप ९ मध्ये. लेखकाने लायब्ररीच्या माहितीत एक ओळ लिहायची: किमान अमुक पायथन हवं. पिप ती ओळ वाचतं आणि तुमचं पायथन जुनं असेल तर तुम्हाला चालेल अशी शेवटची आवृत्ती शोधून देतं. जुन्यावर असलेल्याला काही मोडल्याचं कळतही नाही, आणि लेखक मोकळा. ही सोय पुरी व्हावी म्हणून झटणाऱ्यांत आयपायथन या, पायथनच्या ओळी लगेच चालवून बघायच्या साधनाची मंडळी होती. त्यांनी एप्रिल २०१७ मध्ये आयपायथन ६ फक्त पायथन ३ साठी काढलं आणि पायथन २ वाल्यांसाठी ५ ची मालिका सांभाळत ठेवली. ज्याचं पिपच जुनं आहे त्याला ही ओळ वाचता येणार नाही, हेही त्यांच्या डोक्यात होतं. त्याच्यासाठी इन्स्टॉलरमध्ये सरळ निरोप ठेवला होता की बाबा रे, तुला पाचची मालिका हवी, आणि पिप नवं करून घे. चूक झालेल्याला पुढची वाट दाखवणारा संदेश आपल्या धंद्यात फार कमी वाचायला मिळतो.

डिसेंबर २०१७ मध्ये जँगो २.० आलं, फक्त पायथन ३ साठी. जँगो १.११ ची सेवा मात्र एप्रिल २०२० पर्यंत चालू ठेवलेली. वैज्ञानिक लायब्ऱ्यांनी मिळून एक जाहीरनामा काढला की २०२० पर्यंत आम्ही सगळे पायथन २ सोडू. त्यावर नमपाय, पांडाज, मॅटप्लॉटलिब, जुपिटर अशी नावं. नमपाय १.१६ ही पायथन २.७ वर चालणारी शेवटची मालिका ठरली, जानेवारी २०१९ मध्ये आलेली. आता बघा, २०१५ च्या मुदतीने कुणाची झोप उडाली नव्हती. २०२० च्या मुदतीने उडाली, कारण तिच्यामागे या लायब्ऱ्यांचा शब्द उभा होता आणि तो शब्द पाळता येईल अशी व्यवस्था आधी झालेली होती.

आमिषाचं काय, असं कुणी विचारेल. होतं की. एका कामाची वाट बघताना दुसरं करू देणारं असिंक-अवेट ३.५ मध्ये, मजकुरात थेट किमती भरू देणारी एफ-स्ट्रिंग डिसेंबर २०१६ च्या ३.६ मध्ये. एफ-स्ट्रिंग एकदा वापरली की परत जावंसं वाटत नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण आमिषाने ओढले जातात ते नव्याने काही लिहिणारे. पाच वर्षांपूर्वीचा, लिहिणारा सोडून गेलेला, टेस्ट नसलेला कोड गोडधोडाला भुलत नाही.

आमचा पावत्यांचा प्रोग्रॅम २०१९ च्या दिवाळीनंतर हलला. सर शब्दाचे पक्के. भागाकाराची चूक पहिल्याच दिवशी ओरडून सापडली. गप्प बसलेली चूक दुसरीच होती: पायथन ३ मध्ये यादीतल्या प्रत्येकावर तीच क्रिया करणारं ‘मॅप’ तयार यादी देत नाही, एकदाच वापरता येणारा प्रवाह देतो. पहिल्या फेरीत पावत्या व्यवस्थित छापल्या गेल्या; दुसऱ्या फेरीत त्याच नावांची नोंदवही लिहायची होती, ती कोरी आली. चुकीचा निरोप नाही, इशारा नाही. सोसायटीच्या खजिनदार काकूंचा फोन आला तेव्हा कळलं. ६० चे परत २० केले, तो जादा ‘जर’ काढून टाकला, आणि ज्ञानेश्वर पूर्ण छापून आला.

पायथन २ ची शेवटची आवृत्ती, २.७.१८, आली २० एप्रिल २०२० ला. जग तेव्हा घरात बसलं होतं, फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. ॲपलने मॅकमधून २.७ काढलं ते मार्च २०२२ मध्ये. रेड हॅट लिनक्सच्या सातव्या आवृत्तीवर ते २०२४ पर्यंत सांभाळलं गेलं.

जुलै २०२३ मध्ये पायथनच्या सुकाणू समितीपुढे तितकाच मोठा बदल आला: एकाच वेळी अनेक धाग्यांत काम चालू न देणारं भाषेच्या गाभ्यातलं जुनं कुलूप, ‘गिल’, काढून टाकण्याचा. समितीने होकाराचा कल कळवताना लिहिलं की पायथन ३ सारखा प्रसंग पुन्हा नको. कुलपाशिवाय चालावा म्हणून लायब्ररीवाल्यांनी कोडात जे बदल करावे लागतील, ते कुलूप असलेल्या पायथनवरही तसेच चालले पाहिजेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ मध्ये बिनकुलपाचं पायथन आलं, पण वेगळ्या बिल्डमध्ये, तेव्हा प्रायोगिक म्हणून, ज्याला हवं त्याने घ्यावं. नेहमीचं पायथन त्याच्या शेजारी जसंच्या तसं आहे.